आमची वाटचाल : सेव्हन स्टार्सच्या दारातून

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापाराचा इतिहास पायी फिरून सांगणारा आमचा वॉक पहिल्या दिवसापासून थॉमस लेनमधल्या सेव्हन स्टार्स पबच्या दारातच सुरू होतो. १७८७ साली थॉमस क्लार्कसन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करायला या शहरात आले, तेव्हा या पबचे मालक थॉम्पसन त्यांना रात्री-अपरात्री मार्श स्ट्रीटवरच्या गुत्त्यांत घेऊन जात. खलाशांना दारू पाजून, उधारीत अडकवून गुलामांच्या जहाजांवर कसं चढवतात, हे क्लार्कसननी तिथं डोळ्यांनी पाहिलं. इतर कंपन्या गुलामांच्या व्यापारातल्या कोल्स्टनच्या पुतळ्याच्या रिकाम्या चौथऱ्यापासून सुरुवात करतात. आमची गोष्ट साक्ष गोळा करणाऱ्यांपासून सुरू होते आणि तशीच होत राहील.

मी शिरोळ तालुक्यातली. घरचा ऊस, आणि चुलत्यांचं गुऱ्हाळ. लग्नानंतर २००९ साली इथं आले. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं जॉर्जियन हाउस पाहायला गेले, तेव्हा कळलं की हे साखरेच्या मळ्यांचे मालक जॉन पिनी यांचं घर. नेव्हिस बेटावर त्यांनी विकत घेतलेला पेरो त्यांचा चाकर म्हणून ब्रिस्टलला आला होता. घर दाखवणाऱ्या बाई खुर्च्या-कपाटांबद्दल भरभरून बोलल्या. साखर कशी होते, यावर मात्र एक वाक्य नाही. उकळता रस मनगटावर उडाला की कातडी सुटते. आमच्या गुळव्याच्या दोन्ही हातांवर ते डाग मी लहानपणापासून बघितलेत. त्या बेटांवर तर हंगामात रात्रभर काहिली पेटत्या असायच्या, आणि झोपेच्या गुंगीत कुणाचा हात चरकात गेलाच तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. त्या घराच्या पायऱ्या उतरतानाच मी ठरवलं, हे आपण सांगायचं.

भागीदार मिळाले ते ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागातले एक निवृत्त बस ड्रायव्हर. मूळचे जमैकाचे. मी त्यांना काका म्हणते, आणि आता त्यांची नातवंडंही त्यांना काकाच म्हणतात. १९६३ साली इथल्या बस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. त्याविरुद्ध लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, त्यात काका रोज पायी कामावर जात. २८ ऑगस्ट १९६३ ला कंपनीने हार मानली. गुलामी रद्द करणाऱ्या ब्रिटिश कायद्यावर राजाची मोहोर उठली ती २८ ऑगस्ट १८३३ ला. हा योग काकांनीच माझ्या लक्षात आणून दिला.

२०१४ साली दोघांनी चारचारशे पाउंड घातले. सामान म्हणाल तर लॅमिनेट केलेल्या चित्रांचं फोल्डर, डब्यात कोल्हापुरी गुळाचा खडा, खडू आणि काकांची जुनी पोलादी टेप. ही टेप म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. क्वीन स्क्वेअरच्या फरशीवर काका तिचं एक टोक धरतात, मी खडूने चौकट आखते. लांबी सहा फूट, रुंदी सोळा इंच. ब्रुक्स या गुलामांच्या जहाजाच्या प्रसिद्ध नकाशात एका पुरुषाला एवढीच जागा धरली होती. अशी ४५४ माणसं नेण्याची त्या जहाजाला कायद्याने मुभा होती. मग ग्रुपमधल्या कुणाला तरी आम्ही चौकटीत उभं करतो. खांदे रेघेबाहेर जातात. त्यानंतर दोन मिनिटं कुणी काही विचारत नाही, आणि आपणही काही बोलू नये. नव्या गाइडची घाई इथंच होते.

पुढची चार वर्षं बरी गेली.

२०१९ साली एक मुलगा आमच्याकडे शिकायला आला. हुशार, आवाज चांगला. दोन महिने फोल्डर त्याच्याकडेच असायचं. तिसऱ्या महिन्यात तो गेला, आणि उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीची 'फुकट' टूर आमच्याच रस्त्याने फिरू लागली. आम्ही अकराला निघायचो, ते साडेदहाला सेव्हन स्टार्सच्या दारात उभे. चाळीस माणसं, रंगीत छत्री, शेवटी टिपेसाठी टोपी फिरवायची. चोरी कशावरून म्हणाल, तर आमच्या अगदी पहिल्या मसुद्यात ब्रुक्स हे ब्रिस्टलचं जहाज असं चुकून लिहिलं होतं. ते लिव्हरपूलचं. मी ती चूक कधीच दुरुस्त केली, पण जुना कागद फोल्डरच्या मागच्या खणात राहिला होता. त्यांचा गाइड आजही 'ब्रिस्टलचं ब्रुक्स' म्हणतो. शिवाय रेडक्लिफच्या गुहांत गुलाम डांबून ठेवत, असंही ठोकून देतो. त्या गुहा काचेच्या भट्ट्यांना लागणाऱ्या वाळूसाठी खणलेल्या. बहुतेक गुलाम ब्रिस्टलला आणलेच जात नव्हते. इथून माल आफ्रिकेला जायचा, तिथून माणसं कॅरिबियनला आणि तिकडून साखर परत इथं. शहराने कमावलं ते दूर राहून, आणि लोकांना पचायला जड जातं ते हेच.

मी त्यांच्या मॅनेजरला भेटले. इतिहासावर कुणाची मालकी नसते, म्हणाला. खरंय. पण तीन हिवाळे अर्काइव्हजमध्ये बसून मी भरलेल्या वहीवर माझी मालकी आहे.

त्या वर्षी बुकिंग निम्म्यावर आलं. मार्च २०२० मध्ये तेही बंद. खात्यात २११ पाउंड उरले होते. नवरा म्हणाला, पुरे आता. काका काही बोलले नाहीत. दर शनिवारी अकरा वाजता ते सेंट पॉल्समधून चालत सेव्हन स्टार्सच्या दारात जायचे, एक फोटो काढायचे आणि मला पाठवायचे. बंद दार, खाली त्यांचे बूट. सलग चौदा शनिवार. ७ जूनला लोकांनी कोल्स्टनचा पुतळा पाडून पेरोच्या नावाच्या पुलाजवळ पाण्यात ढकलला. आम्हाला फोनवर फोन येऊ लागले, पण ग्रुप घेऊन बाहेर पडायची बंदी होती. त्या मोठ्या कंपनीने आठवड्याभरात ऑनलाइन टूर विकायला काढली. त्यात माझी चित्रं होती. एका चित्राच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा.

पुढच्या वर्षी एका शाळेने आठ वर्गांचं बुकिंग एकदम दिलं, त्यावर आम्ही तरलो.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगते. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, तेराव्याला ऐकू येत नाही. वाऱ्याकडे तोंड करून बोलू नका. बुटांचे तळवे दर सहा महिन्यांनी बदला. जुने कागद फाडून टाका. आणि फुकट काही देऊ नका.

आपल्या मराठी पाहुण्यांना मी आवर्जून कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांच्या पुतळ्यापाशी थांबवते. कायद्यावर मोहोर उठल्यानंतर महिन्याभरातच, २७ सप्टेंबर १८३३ ला, ते याच शहरात वारले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, हेही तिथंच सांगते. मग ब्रँडन हिलकडे बोट करते. १७९१ साली पार्लमेंटात गुलामांच्या व्यापारबंदीचा प्रस्ताव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला, तेव्हा इथं चर्चच्या घंटा वाजल्या, त्या टेकडीवर होळी पेटली, कामगारांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. ज्यांचा प्रस्ताव पडला ते पुन्हा सह्या गोळा करायला लागले. इंग्लंडभर सुमारे ३ लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज होता. एवढं सांगून झालं की मी गुळाचा डबा उघडते.

काका आता ८३ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे पूर्ण वॉक होत नाही, ते थेट क्वीन स्क्वेअरच्या बाकावर येऊन बसतात. २८ ऑगस्टचा वॉक अकरा वाजता, जागा बारा. टेप ते धरतील.