टोपलीतली तुईयाची पिल्लं

फेब्रुवारीत वन विभागाच्या कर्मचाऱ्यांनी जप्त केलेली एक टोपली उपचार केंद्रात आणली. आत सात पिल्लं, एकमेकांवर पडलेली. पंचनाम्यात नुसतंच ‘पोपट’ लिहिलेलं. चोची पिवळट, डोक्यावर उगवत्या पिसांची हिरवी कोंभं. कंठवाल्या पोपटाच्या पिल्लाची चोच गुलाबीकडे झुकते, म्हणजे ही तुईया या छोट्या जातीच्या पोपटाची. नराचं ते सुंदर जांभळट लाल डोकं यायला दोनेक वर्षं लागतात.

पिल्लांच्या वयात बराच फरक होता. तुईया साधारण चार ते सहा अंडी घालते आणि ती मागेपुढे फुटतात. पण इतका फरक एका घरट्यात नसतो, किमान दोन ढोल्या फोडल्या असणार. तुईया बहुधा सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेल्या जुन्या ढोलीत राहते. कुऱ्हाडीने तोंड मोठं केलं की ती ढोली पुढच्या वर्षीही कामाची राहत नाही. याचा राग येतोच.

सगळी गार पडली होती. गार पिल्लाला कधीही भरवायचं नाही, पचन थांबलेलं असतं. कोंभं फुटलेली ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीत, 32 अंशांवर, पिसं न आलेली उघडी दोन 35 वर. ऊब आल्यावरच थेंब थेंब कोमट इलेक्ट्रोलाइट. तिघांच्या गळ्याखालची पिशवी आंबट वासाच्या दूध-पावाने टम्म फुगलेली. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. डॉक्टरांनी नळीने ती रिकामी करून धुतली. एकाच्या श्वासातून टिकटिक येत होती, दूध श्वासनळीत गेलेलं. ते रात्रीच गेलं.

मग पातळ खाद्य, 39 ते 40 अंश, थर्मामीटर लावूनच. फार गरम झालं तर पिशवी आतून भाजते. 40 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 4 मिलि, सिरिंज चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून घशाच्या उजवीकडे. चोचीचे कोपरे हलके दाबले की पिल्लू मान हलवून गिळू लागतं, तेव्हाच दट्ट्या दाबायचा. मान हलली नाही तर भरवायचं नाही.

जगलेल्यांशी कुणी बोलायचं नाही, हा नियम आम्ही कडक पाळतो. माणसाला सरावलेला पोपट पुन्हा पकडला जातो. मोठ्या पिंजऱ्यात पळस-सावरीची फुलांनी लगडलेली डहाळी बांधली, पाकळ्या आणि मध कसा खायचा ते त्यांचं त्यांना जमलं.

चौघांना तुईयाचे थवे उतरतात त्या रानात सोडलं. दोघं मागे राहिली. उपासमारीच्या काळात वाढलेल्या पिसांवर आडव्या फिकट रेषा उमटतात, पीस तिथेच मोडतं. त्यांची उडण्याची पिसं तशीच मोडली होती. पीस झडून नवं येईपर्यंत त्यांना सोडता येणार नव्हतं.