फळ्यावरच्या बाणांचा हिशेब

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात असा रिवाज आहे. शाळेनं दिलेल्या शिदोरीतली सगळ्यात जास्त पुरलेली गोष्ट म्हणजे परिसंस्थेच्या धड्यातली फळ्यावरची आकृती. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार आणि त्यांच्यामधले बाण. माती आणि पाणी तपासण्याच्या कामात ती पुढे सतत उपयोगी पडली. म्हणून आठवणींऐवजी त्या आकृतीचा पुढचा भाग लिहितो आहे, आज त्याच बाकांवर बसणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई-सरांसाठी.

आकृतीत बाण एकच दिसतो, पण त्यावरून तीन गोष्टी जातात: ऊर्जा, कार्बन आणि नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) यांसारखी पोषकद्रव्यं. खाणाऱ्याच्या पोटात तिन्ही एकत्र शिरतात आणि तीन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात. ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती परत येत नाही. कार्बन हवेत जातो आणि पानांवाटे परत येतो. पोषकद्रव्यं पाण्याबरोबर उताराला लागतात, आणि ती परत येतील की नाही हे त्या त्या जागेवर ठरतं. उत्तरपत्रिकेत ‘ऊर्जेचं चक्र’ लिहिलेलं दिसतं. तसं चक्र नाही, हे एकदा पक्कं झालं की बाकीचा धडा सोपा होतो.

मुंबईत एक चौरस मीटर जमिनीवर वर्षभरात साधारण १,८०० युनिट सूर्यप्रकाश पडतो. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच. चांगल्या जंगलानं त्यातला अर्धा टक्का साठवला तर ९ युनिट होतात, म्हणजे सुमारे दोन किलो सुकं पान-लाकूड. पुढच्या पायरीवर, म्हणजे खाणाऱ्याच्या शरीरात, ‘दहा टक्के’ जातात हे सगळ्यांना पाठ असतं. रेमंड लिंडेमन या अमेरिकी परिसंस्था-अभ्यासकानं १९४२ मध्ये एका लहान तळ्याचा ऊर्जेचा हिशेब मांडला, त्या विचारातून हा नियम आला. प्रत्यक्षात आकडा साधारण ५ ते २० टक्क्यांमध्ये हलतो. गरम रक्ताचा प्राणी पचलेल्या अन्नातले एक ते तीन टक्केच नव्या शरीरात घालतो, बाकीचं अंग ऊबदार ठेवण्यात आणि हालचालीत जळतं. किडे यात कितीतरी काटकसरी असतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या मुलांना बिबट्याची साखळी शिकवली जाते. खरं तर पान, हरीण, बिबट्या ही तिथली आडवाट आहे. जंगलातल्या हिरव्या पाल्यापैकी जिवंतपणी खाल्ला जाणारा हिस्सा थोडा असतो. बहुतेक पाला खाली पडतो आणि बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडूळ यांच्याकडे जातो. सहलीला गेल्यावर वारुळापाशी आणि पाचोळ्याच्या थरापाशी अर्धा तास थांबावं असं मला मनापासून वाटतं. जंगलाची बरीचशी ऊर्जा तिथे खर्च होत असते. १०४ चौरस किलोमीटरांत बिबटे मोजकेच का, आणि ठाणे खाडीत लहान फ्लेमिंगो (‘लेसर फ्लेमिंगो’ ही जात) काही हंगामांत लाखावर का मोजले गेले, याचं एक मोठं कारणही पायरीतच आहे. लहान फ्लेमिंगो चिखलातलं सूक्ष्म शेवाळ थेट गाळून खातो. मध्ये हरीण नाही, त्यामुळे मधली गळतीही नाही.

कार्बनबद्दल थोडक्यात. एक किलो कार्बन जळला किंवा कुजला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तिवरांच्या मुळाशी मात्र तो अडकून राहतो. भरतीच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरांखाली ऑक्सिजन संपतो आणि कुजणं मंदावतं. खाजणात येणारा सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, ते वापरून जगणारे जिवाणू तो सोडतात. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना जे अन्न लागतं त्यातलं बरंचसं हे सल्फेटवाले जिवाणू आधी पळवतात, म्हणून खाऱ्या चिखलातून मिथेन कमी निघतो. कचऱ्याच्या डोंगरात उलट होतं. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. अशा ढिगाच्या पोटात हवा नसते आणि सल्फेटही नसल्यासारखंच, त्यामुळे निघणाऱ्या वायूत जवळपास निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तीच भाजीची सालं, तोच कार्बन. कुठे कुजतो यावर सगळं.

आता पोषकद्रव्यं. शाळेत या भागाला सगळ्यात कमी वेळ मिळतो आणि मुंबईत सगळ्यात जास्त बिघाड इथेच आहे.

झाड नत्राच्या बाबतीत फार जपून वागतं. पान गाळण्याआधी त्यातलं जवळपास निम्मं नत्र आणि स्फुरद ते फांदीत ओढून घेतं. उरलेलं पाचोळ्यातून मातीत, मातीतून पुन्हा मुळांत जातं. शहराला अशी सवय नाही. माणूस दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं खातो असं धरा. प्रथिनांत १६ टक्के नत्र, म्हणजे वर्षाला साडेतीन किलो. वाढ संपलेल्या माणसाच्या शरीरात ते साठत नाही. जितकं खाल्लं तितकं बाहेर पडतं, आणि बरंचसं लघवीतून. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. गुणाकार केला तर वर्षाला त्रेचाळीस हजार टनांवर नत्र होतं. हे नत्र दूरदूरच्या शेतांतून धान्य-भाजीच्या रूपानं येतं आणि गटारांवाटे खाडी-समुद्राकडे जातं. शेतात त्याच्या जागी युरिया टाकावा लागतो. सांडपाणी साध्या पद्धतीनं शुद्ध केलं तर त्यातला कुजणारा कार्बन बराच कमी होतो, पण नत्र काढायला हवेची आणि बिनहवेची अशी दोन टप्प्यांची वेगळी सोय लागते, आणि स्फुरदासाठी आणखी वेगळी. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते पोषकद्रव्यांतून मोकळं झालं असं धरू नये.

तलावात हे पाणी शिरलं की काय होतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समुद्रशास्त्रज्ञ रेडफील्ड यांच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमाण सांगतं की सूक्ष्म शेवाळात कार्बन, नत्र आणि स्फुरदाचे अणू १०६, १६ आणि १ अशा हिशेबात असतात. गोड्या पाण्यात ते थोडं बदलतं, पण अंदाजाला पुरतं. त्यावरून एक ग्रॅम स्फुरदावर सुमारे ११४ ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं. ते मरून कुजताना सुमारे १४२ ग्रॅम ऑक्सिजन खातं. ३० अंश तापमानाला एका लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका ग्रॅम स्फुरदानं जवळपास १९,००० लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपू शकतो. मासे पहाटे तरंगतात ते यामुळेच. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच श्वास घेतात आणि सूर्योदयाआधी साठा तळाला गेलेला असतो. पाण्याचा नमुना दुपारी घेतला तर सगळं ठीक दिसतं. पवईसारख्या तलावातून जलपर्णी काढतात ते योग्यच, पण काढलेला ढीग काठावर राहिला तर पहिल्या पावसात त्यातलं नत्र-स्फुरद परत तलावात उतरतं. ती पाणलोटाबाहेर न्यायलाच हवी.

शाळेच्या आवारात हे तिन्ही दरवाजे एकाच ठिकाणी मोजता येतात, पाचोळ्याच्या खतात. एक माप असं: १० किलो सुकी पानं आणि २० किलो भाजीचा ओला कचरा. पानांत कार्बन-नत्राचं प्रमाण (एक भाग नत्रामागे कार्बनचे किती भाग) पन्नासच्या वर, ओल्यात पंधराच्या आसपास. मिश्रण ३४ च्या जवळ येतं आणि ओलावा ६० टक्के. अशी दहा मापं मिळून तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग होतो. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. सुमारे सहा-सात आठवड्यांत निम्मा कार्बन उडतो, म्हणजे जवळपास शंभर किलो कार्बन डायऑक्साइड. तो त्या पानांनी हवेतूनच घेतलेला होता. त्याबरोबर अंदाजे २८० युनिट उष्णता जाते. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला तर ५५ ते ६० अंश दिसतील. नत्र मात्र, सुरुवातीचं सुमारे दीड किलो, बहुतेक ढिगातच राहतं. म्हणून ३४ चं प्रमाण विशीच्या खाली उतरतं. सुरुवातीला आणि शेवटी वजन करून, थोडा नमुना वाळवून मुलांनी हा हिशेब स्वतः मांडावा.

बिघाड वासावरून कळतो. अमोनियाचा झणझणीत वास म्हणजे ओला कचरा जास्त, नत्र हवेत चाललंय. सुकी पानं वाढवा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही. ढीग उलटा आणि काटक्या घाला. बदामाची जाड पानं थाळ्यांसारखी एकमेकांवर बसून हवा अडवतात, ती आधी चुरून घ्यावी लागतात. ढीग गार पडला असेल तर मूठभर घेऊन दाबा. दोन-चार थेंब निघाले तर ओल बरोबर, काहीच निघालं नाही तर पाणी शिंपडा. चिलटं झाली तर वर दोन इंच सुक्या पानांचं पांघरूण घाला.

फेब्रुवारीत पानगळ जोरात असते, तेव्हाच ढीग रचावा. दर आठवड्याला उलटण्याचं काम मार्चअखेर उरकतं आणि शाळा बंद असताना मे महिन्यात तो नुसता मुरत राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या पावसाआधी खत काढून घ्या. उघड्यावर राहिलं तर नायट्रेट (नत्राचं विरघळणारं रूप) आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन गटारात जातात. ज्या झाडांची पानं होती त्यांनाच ते घालावं. खोडाला टेकवू नये, साल कुजते. बुंध्यापासून हातभर जागा सोडून फांद्यांच्या घेरापर्यंत दोन इंचांचा थर पुरतो. अन्न शोषणारी बारीक मुळं त्याच पट्ट्यात, वरच्या वीतभर मातीत असतात.