मेसचं रजिस्टर आणि लसणाचा भाव

कचऱ्याची गाडी दारात उभी होती आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. २ जून २०१७, शुक्रवार. गाडीवरच्या मुलाने डबा उलटा करून पाहिला, "गीला कुछ नहीं, आंटीजी?" म्हणाला आणि पुढे गेला. जेमतेम महिन्यापूर्वी, मे महिन्यात, इंदूरला देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा पहिला क्रमांक मिळाला होता. ओला डबा, सुका डबा हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडत होतं. माझ्या मेसमधून रोज दोन डबे भरून ओला कचरा निघायचा. बटाट्याची सालं, गिलकीची देठं, कांद्याची टरफलं, उसळीचं खरकटं. त्या दिवशी डबा कोरडा होता आणि तो कोरडा डबा बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

भंवरकुआंच्या एका गल्लीत माझी मेस आहे. हा सगळा भाग कोचिंगचा. पीएससी, बँक, रेल्वे, पटवारी, कसल्या ना कसल्या परीक्षेची तयारी करायला अर्ध्या मध्य प्रदेशातून मुलं इथे येऊन राहतात. तेव्हा माझ्याकडे १४० मुलं जेवत होती. दोन वेळचं जेवण आणि सकाळ-संध्याकाळचा चहा, महिन्याचे २,२०० रुपये. रोज २५ किलो बटाटा, १२ किलो कांदा, वीसेक किलो हिरवी भाजी, २ किलो लसूण आणि ३० लिटर दूध लागायचं. आम्ही राहतो राजेंद्र नगरला, चोइथराम मंडी घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पहाटे साडेचारला लोडिंग रिक्षा बोलवायची, मंडीत जायचं, माल भरायचा आणि सहापर्यंत मेस गाठायची, असा माझा अकरा वर्षांचा क्रम. बटाट्यात सुपर, एवरेज, गुल्ला. कांद्यात गोल्टा, गोल्टी. लसणात ऊटी, बोल्ड, बारीक, ही प्रतवारीची भाषा मला तोंडपाठ होती. पण मंडीच्या फाटकाच्या पलीकडे काय आहे, याचा विचार मी अकरा वर्षांत फारसा केला नव्हता.

संप १ जूनपासून आहे हे माहीत होतं. महाराष्ट्रात पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी हाक दिली होती, त्याच दिवसापासून इकडे माळव्यातही गावातून शहरात काही पाठवायचं नाही असं ठरलं होतं. मागण्या कर्जमाफीच्या होत्या, आणि उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव मिळावा, जो स्वामिनाथन आयोगाने सुचवला होता. मी आदल्या दिवशी दोन दिवसांचा बटाटा-कांदा भरून ठेवायला हवा होता. नाही भरला. "एवढं मोठं शहर, काही ना काही येतंच," असं वाटलं.

शुक्रवारी पहाटे दूधवाल्या भैयांचा फोन आला. सांवेरकडच्या एका खेड्यातून ते मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना टाक्या लावून येतात. सात वर्षं आमचा दुधाचा रतीब त्यांच्याकडे. थंडी असो, पाऊस असो, कधी नागा नाही. "भाभीजी, आज नहीं आ पाऊँगा," एवढंच म्हणाले. मी विचारलं, उद्या? ते गप्प राहिले.

मंडीत गेले तर जिथे चालायला जागा नसते तिथे माणसं उभी राहून फोनवर बोलत होती. हम्माल ओट्यावर बसलेले. हातगाड्या रिकाम्या. दोन-चार ठिकाणी बाहेरच्या राज्यातून आधी आलेला टमाटर होता, पण ज्याच्याकडे माल तो मागेल तो भाव. परतताना एबी रोडवर एका ठिकाणी दुधाचा पांढरा ओघळ डिव्हायडरपर्यंत गेलेला दिसला. बाजूला चिरडलेले दुधी भोपळे. रिक्षावाला म्हणाला, रात्री गाडी अडवली होती. मला तो ओघळ ओलांडून जाताना वाईट वाटलं, आणि आजही ते आठवून वाईटच वाटतं. पण तेव्हा राग होता तो सांडणाऱ्यांवर. आज तसा नाही.

साडेसातला एकाचा फोन आला. २० लिटर दूध आहे, दुप्पट भाव, आत्ता पैसे. मी घेतलं. परीक्षेला बसणारी मुलं आहेत, सकाळचा चहा तरी द्यायला हवा, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

मग घरी आले सासूबाईंकडे. आमच्या घरी अजून उन्हाळ्यात वाळवण होतं. त्या वर्षी त्यांनी सांडगे, कुरडया, तळणीच्या मिरच्या असं बरंच करून ठेवलं होतं, पुण्याला नणंदेकडे पाठवायला डबे बांधूनही झाले होते. मी म्हटलं, "आई, सांडगे द्या." त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. बांधलेले डबे सोडले. पिशवीत भरता भरता म्हणाल्या, "आमच्या वेळी घरात दोन महिन्यांचं असायचं गं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण खरी गोष्ट तीच होती. १९५१ साली हे शहर तीन लाखांच्या आसपास होतं, २०११ च्या जनगणनेत वीस लाखांच्या आसपास. त्यांना लग्नानंतरचं इथलं बिजलपूर गाव आठवतं ते बटाट्याच्या आणि फुलांच्या शेतांचं. आता त्या अंगाला कॉलन्या आहेत. शेतं लांब गेली आणि घरातला साठाही गेला. रोजचं रोज येतं, रोजचं रोज खातो. मधली एक पहाट चुकली तर वीस लाखांचं शहर सांडग्यांवर येतं.

दुपारी मेसच्या महाराजांनी, म्हणजे आमच्या स्वयंपाक्यांनी, सांडग्यांची रस्साभाजी, तुरीचं वरण, भात आणि पोळ्या केल्या. बुऱ्हाणपूरची दोन मराठी मुलं खूश झाली, काकू, घरच्यासारखं, म्हणाली. बाकीच्यांनी हे कधी खाल्लं नव्हतं, पण जेवले. चहा मात्र सकाळीच एका मुलाने परत केला होता, ते मला मेसमधल्या बाईंनी तेव्हा सांगितलं.

मंदसौर जिल्ह्यातला मुलगा. तेविसाचा असेल. पीएससीची तयारी, अतिशय गप्प. त्याची दोन महिन्यांची फी थकलेली होती आणि मी त्या आठवड्यात त्याला आठवण करणार होते. जेवणानंतर तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि विचारलं, "आंटीजी, दूध कहाँ से आया?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, तुमची चूक नाही, पण माझे वडील आज नाक्यावर बसलेत, मी हा चहा पिऊ शकत नाही. एवढं बोलून जायला निघाला. बाकी मुलांनी चहा घेतला होता. त्यात शेतकऱ्यांचीच मुलं जास्त होती आणि त्यांनाही मी काही म्हणणार नाही, रात्र रात्र जागून अभ्यास करतात.

मी त्याला बसवलं. लसूण सोलायचा होता, त्याने आपणहून चाळणी पुढे ओढली. आणि मग हा न बोलणारा मुलगा तासभर बोलला. लसूण कसा लागतो ते. आधी गाठी फोडून एकेक कळी वेगळी करायची. मग चोपाई, म्हणजे ओळीने बसून एकेक कळी हाताने मातीत टोचायची, टोक वर. मग निंदाई, पाणी देणं, रात्री वीज येते तेव्हा थंडीत शेतात उभं राहणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुदाई, वाळवणं, पात कापणं, हातांनी प्रतवारी. सगळं हातांचं काम, यंत्राचं जवळजवळ काहीच नाही. बोलताना त्याच्या बोटांत लसूण असा सोलला जात होता की बाई बघत राहिल्या. "गेल्या वर्षी २५ किलो विकला की मेसचा महिना निघायचा," तो म्हणाला. "या वर्षी एक क्विंटल लागतो. वडील म्हणाले थांब, भाव चढला की पाठवतो. भाव चढत नाही."

तो गेल्यावर मी रजिस्टर काढलं. सहज नाही, काहीतरी टोचत होतं म्हणून. अकरा वर्षं मी त्या रजिस्टरमध्ये फीच्या तारखा लिहीत आले. कोण वेळेवर देतो, कोण उशिरा, याच्या खुणा केल्या होत्या, लाल पेन्सिलीने. त्या दुपारी मी त्या खुणा गावांशी लावून पाहिल्या. नीमच-मंदसौरची मुलं मार्च ते मेमध्ये मागचं सगळं एकदम भरत: लसूण. देवास-सोनकच्छची ऑक्टोबर-नोव्हेंबरात: सोयाबीन. खरगोनची दिवाळीनंतर: कापूस, आणि पुढे मिरची. आगर-शाजापूरचे दोघं हिवाळ्यात: संत्री. बुऱ्हाणपूरवाले थोडं थोडं वर्षभर, कारण केळी वर्षभर तुटतात. झाबुआच्या एका मुलाची फी यायची ती होळीला, वडील गुजरातेतून मजुरीवरून परतले की. ज्यांना मी उशिरा देणारे समजत होते ते सगळे आपापल्या हंगामाला अगदी वेळेवर होते. नोटाबंदीनंतरच्या हिवाळ्यात मात्र पानभर लाल खुणा होत्या, सगळ्याच पिकांच्या. सोयाबीन, कापूस विकला होता, हातात रोकड आली नव्हती.

मी मंडीतून बटाटा-कांदा आणायचे तो रस्ता मला एका दिशेचा वाटत होता. पण त्याच भावावर या मुलांच्या घरची चूल, त्यांची इथली खोली, माझी मेस, महाराजांचा पगार, सगळं चाललेलं होतं. कांदा दोन रुपयांनी उतरला की मला वाटायचं, बरं झालं. तो उतार मला फिरून माझ्याच रजिस्टरमध्ये लाल पेन्सिलीने दिसत होता आणि मी ओळखला नव्हता.

माझे सासरे इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकले. ते नेहमी सांगत, ज्या जागेवर आमचं कॉलेज, तिथे १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ काम करायचे आणि त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे आपले मराठी रसायनतज्ज्ञ. काडीकचरा, शेण, माती थरावर थर रचून, पाणी देत, ठरल्या दिवशी ढीग पालटून खत करायची जी रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली ती या दोघांची. जमिनीतून घेतलं ते जमिनीला परत द्यायचं, हे त्यातलं मूळ. सासऱ्यांना याचा फार अभिमान होता. मी स्वयंपाकघरातून हो हो म्हणत ऐकायचे. त्या कोरड्या डब्याच्या दिवशी ते आठवले. माझ्या मेसची सालं मातीला कधी पोचत असतील-नसतील, पण त्या मातीत राबणाऱ्याला माझ्याकडून काय परत जात होतं?

त्यानंतरचे दिवस मी लवकर सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मंगळवारी, ६ जूनला मंदसौर जिल्ह्यात पिपलिया मंडीजवळ गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. इंटरनेट बंद, संचारबंदी. आमचा तो मंदसौरचा मुलगा दिवसभर मेसच्या पायरीवर फोन लावत बसला होता. मध्येच उठून ताटं वाढू लागे, परत बसे. रात्री दहाला शेजारच्या गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून वडिलांचा आवाज आला तेव्हा तो बोलू शकला नाही, फोन माझ्या हातात दिला. मी इतकंच म्हणाले, जेवतोय तो नीट.

संप मिटल्यावर दूधवाले भैया आले, पहाटे पाचला, त्याच दोन टाक्या. मी विचारलं, तुम्हीही सांडलं का हो दूध? त्यांना ते लागलं. म्हणाले, एक थेंब नाही. गावात वाटलं, घरी तूप केलं, आणि वासरांना सोडलं. "भाभीजी, बछड़ों ने पहली बार पेट भर के पिया." आपल्याला रोज ३० लिटर द्यायचं म्हणून जे वासरू दोन सडांवरून ओढून बांधलं जातं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या महिन्यापासून त्यांचा भाव मी न मागता वाढवला. मुलांच्या फीमध्ये तो चढवला नाही.

जूनमध्येच सरकारने कांदा ८ रुपये किलोने घेतला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा मंडीबाहेर लांबच लांब लागल्या, मग पाऊस आला आणि घेतलेल्यातला पुष्कळ कांदा सडला. पिकवलेलं ठेवायला जागा नसेल तर नुसत्या भावाने काय होणार, हे त्या रांगेजवळून रोज पहाटे जाताना माझ्यासारखीलाही कळत होतं.

मी त्या मंदसौरच्या मुलाला म्हटलं, तुझी फी पैशांत नको, लसणात दे. मंडीत मी ज्या भावाने विकत घेते त्याच भावाने तुझ्या वडिलांचा धरीन, मधला फरक त्यांचा. मला महिन्याला ६० किलो लागतो. तो हिशेब करू लागला आणि थांबला. घरात वीस क्विंटलच्या वर पडला होता. मी एकटीने वर्षभर खाऊनही तो संपला नसता, आणि नीमच-मंदसौरचीच माझ्याकडे नऊ मुलं होती. तरी म्हटलं, जेवढा जमेल तेवढा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसच्या टपावरून लसणाचा पहिला कट्टा, म्हणजे पोतं, उतरला. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, ५० किलो आहे. मेसच्या काट्यावर ठेवला तर ५२ भरला. मी फोन केला, दोन किलो जास्त आलाय. ते म्हणाले, "तोलात थोडं जातंच ना, म्हणून वर टाकलं." कुठेही माल नेला की कट्ट्यामागे काही ना काही कमी धरलं जातं, त्याची त्यांना इतकी सवय झाली होती की माझ्यासाठीही त्यांनी ते आधीच भरून ठेवलं होतं.

मी रजिस्टरमध्ये ५२ लिहिले.