पंप गुणगुणतोय, पाणी मात्र चढत नाही: फ्रंट लोडची पुढची नोंद

मंडळी, आमच्या फ्रंट लोड (समोरून दार असलेल्या) वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीची गाडी मागच्या वेळी ‘ड्रममध्ये पाणी उरतंय’ इथे अडली होती. आता बरीच उकल झाली आहे.

तक्रार फसवी होती. पाणी अजिबात जात नव्हतं असं नाही. जायचं, पण रडत रडत. मग स्पिनच्या तोंडाशी एरर कोड. पंपाचा आवाज मात्र व्यवस्थित यायचा, आणि आवाज आला की आपण पंपाला निर्दोष सोडून तुंबलेली जागा शोधत बसतो. फिल्टर उघडला तर नेहमीचाच ऐवज निघाला: धाग्यांचा लगदा, एक बटण, साबणाचा बुळबुळीत थर. साफ केला, काही फरक नाही.

म्हणून होजकडे, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीकडे वळलो. प्लग काढला, होज मागच्या क्लिपांमधून सोडवला आणि टोक जमिनीवर पसरट भांड्यात धरलं. मशीन बंद असतानाही पाणी आपसूक घळाघळा आलं. थांबलेल्या पंपातून पाणी आरपार जाऊ शकतं, त्यामुळे टबापासून टोकापर्यंतची वाट मोकळी आहे हे इथेच कळलं. मग टोक नेहमीच्या उंचीला अडकवून फक्त ड्रेन (पाणी उपसण्याचा टप्पा) लावला, तर जेमतेम ओघळ. वाट मोकळी आणि पाणी वर चढत नाही, म्हणजे संशय सरळ पंपावर. मल्टिमीटर काढण्याआधी ही चाचणी जरूर करा, खर्च शून्य.

मल्टिमीटरने उलट दिशाभूलच केली असती. पंपाची कॉइल (मोटरमधलं तारेचं वेटोळं, म्हणजेच वाइंडिंग) दीडशे ओहमच्या आसपास, म्हणजे अशा पंपाला शोभेल इतकीच. वाइंडिंग ठणठणीत!

खरी गोम इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकात होती. या पंपांचा रोटर (मोटरचा फिरणारा भाग) म्हणजे कायमचुंबक. असा छोटा सिंक्रोनस (विजेच्या लयीत फिरणारा) मोटर कुठल्याही दिशेला सुरू होतो आणि सुरुवातीला त्याला भार झेपत नाही, म्हणून इंपेलर आणि रोटर यांच्यात मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. फिल्टरच्या भोकातून टॉर्च मारून इंपेलर बोटाने फिरवा (प्लग काढलेलाच हवा). चांगला इंपेलर थोडा सैल फिरतो, मग अडतो आणि पुढे चुंबकाच्या ओढीने धक्के देत सरकतो. हे धक्के बिघाडाचे नव्हेत, तब्येत बरी असल्याची खूण आहे. आमचा इंपेलर मात्र लोण्यासारखा गोल गोल फिरत राहिला, कुठेच अडला नाही. आतली पकड तुटलेली. रोटर आत फिरतोय, गुणगुणतोय, आणि इंपेलर पाण्यात नुसता डुलतोय.

पंप बदलण्यात सांगण्यासारखं फार नाही. मशीन किंचित मागे कलवून टेकवलं, दोन क्लॅम्प, एक कनेक्टर, काही स्क्रू. नवा घेताना स्क्रूंच्या जागा आणि होजच्या तोंडाची दिशा जुन्याशी ताडून पाहा. दिसायला सारखे पंप बसायला सारखे नसतात.

आता पाणी झपाट्याने जातं. तरी पहिल्या धुण्यात ड्रम रिकामा असून स्पिन सुरू होईना. पाण्याची पातळी मशीन थेट बघत नाही. टबाच्या खालच्या हवेच्या कप्प्यापासून प्रेशर सेन्सरपर्यंत एक बारीक नळी जाते, तिच्यात कोंडलेल्या हवेच्या दाबावरून अंदाज घेतला जातो. कप्प्याचं तोंड गाळाने बुजलं की दाब अडकून राहतो आणि रिकामा टबही भरलेला भासतो. नळी सेन्सरकडून सोडवून टबाच्या दिशेने हलकेच फुंकली, कप्पा गरम पाण्याने धुतला. सेन्सरमध्ये कधीच फुंकू नका, पडदा जातो. त्यानंतर स्पिन वेळेवर लागतोय.

फिल्टर उघडल्यावर थोडं पाणी अजूनही सांडतं. पंपाच्या खोलगट भागात ते राहतंच, त्यासाठी पुन्हा काही उघडू नका. होजचं टोक उभ्या पाइपात फार खोल गेलेलं दिसतंय, ते वर ओढून बांधायचं बाकी आहे. नाहीतर सायफन लागून भरताना पाणी निसटायचं. जाड टॉवेलांचं ओझं अजून टाकलेलं नाही, पुढच्या नोंदीत तेच.