टनाच्या भावाने घेतलेलं पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आमचा ड्रायर 50 अंशांच्या वर चढेना. वेंगुर्ल्याजवळ आमचं घरचंच छोटं काजू युनिट आहे. काजूबी वाफवायची, गार झाली की फोडायची आणि गर ड्रायरमध्ये साधारण 70 अंशांवर सुकवायचे. तेवढी ऊब मिळाली नाही तर गराची साल सुटत नाही. मग बायका नखांनी खरवडत बसतात, गराचा तुकडा पडतो आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव मिळत नाही. भट्टीत लाकूड कोंबत होतो, पण त्याच्या टोकांतून फेस येत होता आणि चर्र चर्र आवाज करत धूर नुसता घरभर.

टरफलं का जाळत नाही, असं कोणीही विचारेल. पहिल्या वर्षी तीच जाळली. ती जळतात झकास, पण त्यांच्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांत आणि घशात असा बसतो की शेजारणीने दोनदा येऊन सुनावलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून टरफलं तेल काढणाऱ्यांना विकतो आणि भट्टीला लाकूड.

त्या आषाढात शेजारचे तात्या भट्टीपाशी आले. दोन ढलप्या उचलून त्यांनी एकमेकींवर आपटल्या. धप्प असा आवाज आला. म्हणाले, "लाकडां चैतात फोडूक व्हयी होती. आता चुलीक शिव्या घालून काय होतला?" वाळलेलं लाकूड आपटलं की टणटणतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानपण मुंबईत गॅसच्या शेगडीपुढे गेलेलं.

मग मी एक उद्योग केला. भट्टीला येणाऱ्या अकेशियाच्या लाकडाचा एक तुकडा वजनकाट्यावर ठेवला: 1 किलो 240 ग्रॅम. ड्रायर चालू असेल तेव्हा तो एका कोपऱ्यात टाकायचा आणि रोज संध्याकाळी वजन वहीत लिहायचं. सुरुवातीला भराभर उतरलं, मग हळूहळू. नवव्या दिवसापासून काटा 690 वरून हलेना. म्हणजे 550 ग्रॅम पाणी! शंभर किलोंत चव्वेचाळीस किलो. एक टन लाकूड घेतलं की त्यातून दोन पिंपं भरून वर उरेल एवढं पाणी घरी येत होतं, तेही लाकडाच्या भावाने, आणि टेम्पोचं भाडं वर.

शिवाय ते पाणी भट्टीतच उकळायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी खर्च होतात. बऱ्यापैकी वाळलेलं, म्हणजे पंधरा-वीस टक्के ओल उरलेलं लाकूड किलोला साधारण 3,500 किलोकॅलरी देतं. निम्मं पाणी असलेलं ताजं लाकूड दोन हजारांच्या आसपास अडकतं. त्यात आग थंड राहिली की धूर पुरता जळत नाही आणि चिमणीत डांबरासारखा थर बसतो. आमची चिमणी साफ करायला आलेल्या मुलाने खरवडून काढलेला ढीग पाहून "ह्यां रस्त्यार घालूक व्हया" म्हटलं होतं.

ठेकेदाराशी बोलणी करणं सगळ्यात वैतागाचं निघालं. टनाचा भाव सोडून टेम्पोमागे भाव लाव म्हटलं, तर तो हसला. ओलं लाकूड जड, त्याला टनच परवडतो. तीन आठवडे घासाघीस केली. शेवटी माघात तोड, पानांसकट पडू दे, पानं सुकली की मगच फांद्या साफ करून आण, यावर तो टेम्पोच्या हिशोबाला तयार झाला. झाड पाडलं तरी पानं काही दिवस खोडातलं पाणी ओढत राहतात. ही युक्तीही तात्यांचीच.

मध्ये त्याने आईन आणि किंजळ स्वस्तात देऊ केलं, कागदाशिवाय. ही दोन्ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. मी नको म्हटलं. थोडं कायद्याला भिऊन, थोडं त्या जुन्या झाडांकडे बघून.

चैत्रात लाकडं फोडली. मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, भिंतीपासून हातभर सुटी, खाली जांभ्याचे चिरे, चळतीत वारा खेळेल अशी रचली. झावळ्यांचं छप्पर काढून पत्रा घातला. पावसाची बेगमी म्हणतात ती हीच. पहिला पाऊस आला तेव्हा तुकडा मोजला तर ओल बाविसावर आली होती. ड्रायर आता तासाभरात सत्तरीला पोचतो. बिल मात्र अर्धं झालं नाही, पाचवा हिस्सा वाचला असेल. चिमणी वर्षातून एकदाच साफ करावी लागते आणि राख माडांच्या आळ्यात जाते.

युनिटच्या कर्जाच्या फॉर्मवर इंधनासमोर 'अक्षय ऊर्जा' असा रकाना होता, लाकूड पुन्हा उगवतंच म्हणून मी बिनधास्त खूण केली होती. नंतर तोडीच्या कातळावर गेले. ठेकेदाराने अकेशिया जमिनीलगत कापला होता आणि तसा कापला की त्याला फुटवा नीट येत नाही. ती जागा तशीच उघडी पडलेली. या वर्षी थोडा वर राखून कापायला लावलाय. आणि मिरगाला गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने गिरीपुष्पाच्या चाळीस दांड्या खोचल्या. छाटलं की ते पुन्हा फुटतं, पाला भाताच्या खाचरात घालता येतो आणि लाकूड भट्टीला. अडतीस रुजल्या. उरलेल्या दोन शेजारणीच्या शेळीने खाल्ल्या. टरफलांच्या धुराची परतफेड समजून मी गप्प बसले.