बेहड्यावरची गरुडीण आणि यंदाचा शिमगा : धनेशाच्या घरट्याची फाल्गुनातली नोंद

महाधनेशाची (ढोलीत घरटं करणाऱ्या, मोठ्या चोचीच्या पक्ष्याची) मादी पौषाच्या अखेरीस बेहड्याच्या ढोलीत शिरली आणि दार लिंपायला लागली, इथवर मागच्या नोंदीत लिहिलं होतं. दार आता पक्कं झालंय. उभी, अरुंद फट तेवढी उरली आहे आणि तिच्यातून पिवळ्या चोचीचं टोक दिसतं. लिंपण्यासाठी नराने चिखल आणलेला मला दिसला नाही. महाधनेशाची मादी मुख्यतः स्वतःच्या विष्ठेनेच, त्यात फळांचा चोथा आणि ढोलीतला लाकडाचा भुसा मिसळून, चोचीच्या कडेने थापट्या मारत दार बंद करते. वाळल्यावर ते इतकं कडक होतं की खालून पाहणाऱ्याला ते झाडाचंच जुनं व्रण भरल्यासारखं वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या नवख्यांना ढोली नेमकी कुठे आहे ते बोट करून दाखवावं लागतं.

आज फाल्गुन शुद्ध पंचमी होऊन गेली. सकाळच्या सत्रात नराच्या खेपा नियमित आहेत. तो येतो ते आधी ऐकू येतं. पंखांच्या मोठ्या पिसांचे बुंधे खालून झाकणारी पिसं धनेशांना नसतात. त्यामुळे हवा फटींतून सुसाट जाते आणि मोठा ‘हुश्श-हुश्श’ आवाज दरीतून वर चढत येतो. तो आधी शेजारच्या उंच आंब्यावर बसतो, चौफेर बघतो, बराच वेळ काहीच करत नाही, आणि मग बुंध्याला येऊन चिकटतो. गळ्याच्या पिशवीतून एकेक उंबर वर काढायचं, चोचीच्या टोकावर आणायचं, फटीत द्यायचं. पंधरा-वीस फळं एकामागून एक निघतात. मान वर करून नीट मोजली तर नोंदवहीत आकडा आणि फळाचा रंग दोन्ही लिहिता येतात.

या आठवड्यात माझं सगळं लक्ष त्या फळांवर आहे, कारण आत काय चाललंय ते कळायला बाहेर येणाऱ्या घासाखेरीज दुसरी वाट नाही. महाधनेशाची अंडी एक किंवा दोन असतात आणि उबवायला सुमारे ३८ ते ४० दिवस लागतात. आतापर्यंतच्या खेपांत जवळजवळ सगळी फळंच होती : उंबर, नांद्रुक, वडाची लाल फळं, मधूनच रामपत्री. पिल्लू बाहेर आलं की नर सरडे, मोठे किडे, कधी दुसऱ्या पक्ष्याचं पिल्लूही आणायला लागतो. खेपाही वाढतात. त्यामुळे चोचीत पहिला सरडा दिसेल तो दिवस मी ‘पिल्लू आलं असावं’ म्हणून लिहिणार आहे. हिशेबाने ते होळीच्या आसपास पडतं, आणि या नोंदीत शिमग्याबद्दल इतकं लिहायचं कारण तेच आहे.

आमच्या भागात बहुतेक जंगल खाजगी मालकीचं. सरकारी राखीव जंगल रत्नागिरी जिल्ह्यात फारच थोडं. म्हणजे धनेशाला लागणारी जुनी, पोकळ झाडं उरली आहेत ती एकतर देवराईत नाहीतर कुणाच्या तरी सामायिक सातबाऱ्यावर. आमचा बेहडा देवराईच्या काठावर आहे. त्याच्या बाजूने जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हीच पालखीची वरच्या वाडीला जायची वाट. देवाची रूपं (मुखवटे) लागली, पालखी सजली की ढोल-ताशे, फाका (शिमग्याच्या आरोळ्या), गुलाल, चाकरमान्यांची गर्दी, हे सगळं त्या झाडाखालून जातं. नर गर्दीला घाबरतो. माणसं खाली उभी असली तर तो आंब्यावर दोन-दोन तास बसून राहतो आणि कधी घास तसाच घेऊन परत जातो. आतल्या मादीची उडायची पिसं या काळात झडतात, तिला बाहेर पडून स्वतःचं पोट भरता येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत अंगावर पिसं नसलेलं पिल्लू असेल तर दुपारची एक खेप चुकणं जड पडतं.

हा विषय सहाणेवरच्या, म्हणजे पालखी बसते त्या जागेवरच्या, बैठकीत मांडला. आमच्या गावात ‘धनेश’ कुणी म्हणत नाही, म्हातारी माणसं गरुडच म्हणतात. मानकऱ्यांपैकी सगळ्यात वडील तात्यांनी मलाच विचारलं, “वहिनी, तुमची गरुडीण आत बसली काय?” बसली म्हटल्यावर ते गुरवांकडे वळले. “मग फटाके सहाणेजवळच उडवू. वरच्या वाटेला ढोल नको, नुसती घंटा. आणि पालखी उन्हं कलल्यावर काढू.” संध्याकाळची शेवटची खेप सूर्यास्ताच्या आधी संपते, म्हणून मी अंधार पडल्यावरची वेळ मागितली. त्यावर थोडी खळखळ झाली, कारण वरच्या वाडीत पालखी नाचवायला मग रात्र होते. शेवटी मशाली-बत्त्या घेऊन जायचं ठरलं. मला तर ती पूर्वीची रीतच अधिक देखणी वाटते.

दुसरा मुद्दा होळीच्या झाडाचा. काही गावांत त्रयोदशीला तेरसे शिमगे, काही गावांत पौर्णिमेला भद्रेचे. झाडही गावागणिक वेगळं, कुठे आंबा, कुठे सुरमाड, कुठे पोफळ, आणि बऱ्याच ठिकाणी सावर. सावरीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ती ऐन फुलावर असते ते याच दिवसांत. आमच्या बांधावरच्या सावरीखाली मी सकाळी चहा घेऊन बसते तेव्हा भोरड्यांचा थवा, जंगली मैना, कोतवाल, हरेवा, शिंजीर, बुलबुल असे सगळे त्या लाल पेल्यांत डोकं घालून असतात. शेकरूही येतं, पाकळ्या कुरतडून टाकतं, आणि खाली पडलेली मांसल फुलं रात्री भेकरं खातात. पानगळीनंतर, फळं पिकायच्या आधीच्या या कोरड्या दिवसांत एवढा रस देणारी झाडं मोजकीच : सावर, पळस, पांगारा. शिवाय सावरीचं लाकूड मऊ. सुतार आणि तांबट पक्षी तिच्यात भोकं पाडतात आणि म्हातारी सावर पुढे धनेशाच्याही कामाला येते. यंदा आमच्या वाडीने वठलेली पोफळ घ्यायची ठरवली आहे. ज्यांच्या गावात सावरच लागते त्यांनी निदान फुलावरची, जुनी, ढोली असलेली सोडून द्यावी आणि पावसाळ्यात तिची फांदी रोवावी. सावर फांदीनेही लागते.

बाकी वसंत आपल्या गतीने पुढे सरकतोय. कुसुंबाला लाल पालवी आली आहे. करंज अजून निष्पर्ण. कुटुर्गा दिवसभर थांबत नाही, कोकीळ पहाटे चारलाच सुरू होतो. काजूच्या बागेत रात्री रातव्याचा ‘चक-चक’ आवाज येतो, दिसत मात्र नाही. हरियालचा थवा वडावर आहे तोवर नर धनेशाला तिकडे वाटेकरी आहेत, पण वडाच्या फळांना तोटा नाही. कवड्या धनेशांची एक जोडी खालच्या ओढ्याकडे काजऱ्याची फळं खाताना रोज दिसते. काजरा म्हणजेच कुचला, त्याच्या बियांत विष असतं. ते गर खातात आणि बी टाकतात. त्यांचं घरटं यंदा अजून सापडलेलं नाही. तेही याच मोसमात घालतात, म्हणून नर एकटा फिरायला लागला की त्याच्या मागावर राहायचं. भाजावळीचा, म्हणजे शेतजमीन भाजण्याचा, धूर मात्र सगळीकडे आहे, आणि त्या कवळासाठी फांद्या तोडलेल्या झाडांवर फळ धरणार नाही याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या नोंदींत दिसेल.

पुढचे कार्यक्रम, म्हणजे यायचं त्यांना आधी ठरवता येईल.

पालखी पौर्णिमेनंतर घरोघर फिरते. त्या दिवसांत घरट्यावर टेहळणी बंद. गर्दीत आणखी गर्दी नको. नमन-खेळे बघायला मात्र जरूर या, त्यातल्या संकासूर आणि गोमूच्या सोंगांच्या रात्री चुकवू नका. पाडव्यापासून पुन्हा बसायला सुरुवात, एका वेळी दोघेच.

किनाऱ्याकडे वेळास आणि आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडण्याचा हंगाम आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासव संरक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. घरोघरी राहायची सोय होते, जेवण घरचं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण रोज निघतीलच असं नाही. अंडी फुटायला साधारण पन्नास दिवस, तेही वाळूच्या उष्णतेवर. मुक्काम एकाच रात्रीचा ठेवू नका. ज्यांना वाटतं की ही कासवं ‘आपल्या’ किनाऱ्याचीच, त्यांच्यासाठी : २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला खुणेचा बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली.

वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखात्याची पाणवठ्यावरची प्राणीगणना असते. मचाणावर रात्रभर बसायचं असेल तर अर्ज बरंच आधी करावा लागतो, जागा पटकन भरतात. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर पक्षीनोंदीचा दिवस पाळतात, आणि आपल्याकडे त्याच दिवशी प्रदेशनिष्ठ पक्ष्यांच्या नोंदींवर भर असतो. सह्याद्रीच्या माणसांसाठी हा दिवस सोन्याचा. मलबार राखी धनेश फक्त पश्चिम घाटात आहे, निदान त्याची तरी एक नोंद प्रत्येकाने टाकावी. त्या सुमाराला ताम्हण फुललेली असेल आणि पावशा ओरडायला लागलेला असेल.

घरट्याचं वेळापत्रक असं धरलं आहे : महाधनेशाची मादी पिल्लाच्या आधी बाहेर येते. दार फोडते, आणि मग आतलं पिल्लू स्वतःच ते पुन्हा लिंपून घेतं. हे चैत्राच्या उत्तरार्धात किंवा वैशाखाच्या सुरुवातीला अपेक्षित आहे. कवड्या धनेशाची मादी मात्र सहसा पिल्लांबरोबरच निघते, त्यामुळे दोन्ही जातींची घरटी सापडलेल्यांना तुलना करायला हा मोसम चांगला आहे. मादी बाहेर आलेली दिसली की दोन मोठे पक्षी खेपा करतात, आणि आकडे मोजताना गल्लत होते. डोळ्यांकडे बघा. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरट. नराच्या चोचीवरच्या शिंगाला पुढच्या आणि मागच्या टोकाला काळा रंग असतो, मादीच्या नसतो.

येणाऱ्यांसाठी काही नियम, आणि ते मी सैल करणार नाही. ध्वनिमुद्रण लावून पक्ष्याला बोलवायचं नाही. फ्लॅश नाही, ड्रोन तर मुळीच नाही. बेहड्यापासून निदान चाळीस पावलं दूर, आडोशाला, मातकट कपड्यांत. नर आंब्यावर बसून वाट बघत राहिला तर आपण उठून मागे जायचं. फोटो टाकताना गाव, वाडी, देवराई काहीच लिहायचं नाही, आणि मोबाइलमधली जागेची खूण बंद ठेवायची. हीच काळजी म्हणून या नोंदीतही गावाचं नाव नाही.

झाडाखाली पडलेल्या बियांचा ढीग अजून कुणी हलवू नका. घरटं रिकामं झालं की जून उजाडायच्या आत आपण तो चाळणार आहोत. उंबर-वडाच्या बारीक बिया हाती लागत नाहीत, पण रामपत्री, काजरा आणि चांदाडा वेगळे काढता येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी गेल्या पावसाळ्यात पिशव्या भरून ठेवल्या आहेत आणि रोपं देवराईच्या उघड्या पडलेल्या कडेला लावायची, असं गुरवांशी ठरलं आहे. यायचं असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत कळवा. चाळणी आणि विळा आपापला आणावा, जेवण आमच्याकडे.