फॉल्ट गेल्यावर गेलेली वीज

जानेवारीतली दुपार, बारा वाजून दहा मिनिटं. जोधपूरच्या पुढे वाळवंटात 300 मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि त्याच्या कंट्रोल रूममध्ये मी. स्काडाच्या, म्हणजे प्रकल्पावर नजर ठेवणाऱ्या संगणक-यंत्रणेच्या पडद्यावर 270 मेगावॅट दिसत होते. डब्याचं झाकण उघडून मान वर केली, तर 60.

बाहेर सगळं शांत. ना धूर, ना आवाज. पॅनेलांवर ऊन तसंच पडलेलं. सौर प्रकल्प बंद पडला तरी चेहऱ्यावर काही दाखवत नाही.

लोड डिस्पॅच सेंटरचा, म्हणजे ग्रिडमधल्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राचा फोन आला. “आपका कितना गया?” आकडा सांगितला. मागे दुसऱ्या फोनवर कुणीतरी दुसऱ्याच प्रकल्पाला तोच प्रश्न विचारत होतं. म्हणजे आम्ही एकटे नव्हतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी, जी 50 हर्ट्झच्या आसपास हवी, ती 49.9 च्या खाली उतरली होती.

लांबच्या 400 केव्हीच्या लाइनवर फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किटसारखा बिघाड झाला होता, पण संरक्षण यंत्रणेने तो 100 मिलिसेकंदांच्या आत तोडला होता. व्होल्टेज इतक्यापुरतं बसलं तर इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनेलांची डीसी वीज एसी करून ग्रिडला देणाऱ्या यंत्राने, तग धरायचा असतो. नियमाप्रमाणे ते 15 टक्क्यांवर आलं तरी 300 मिलिसेकंद. मग आमच्या 80 इन्व्हर्टरांपैकी 62 ग्रिडपासून सुटले का?

पहिला दिवस लॉग जुळवण्यातच गेला. प्रत्येक इन्व्हर्टरचं घड्याळ वेगळं. एक तर चक्क अकरा मिनिटं मागे! शेवटी सबस्टेशनच्या डिस्टर्बन्स रेकॉर्डरचा, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा आलेख घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की फॉल्ट चालू असताना आमचा एकही इन्व्हर्टर सुटला नव्हता. सुटले ते फॉल्ट गेल्यावर.

व्होल्टेज बसलं की इन्व्हर्टर मेगावॅट कमी करून रिअ‍ॅक्टिव्ह करंट देतो, म्हणजे व्होल्टेज सावरणारा करंट; व्होल्टेजला खालून हात लावतो म्हणा. फॉल्ट गेल्यावर तो हात लगेच काढायचा आणि एका सेकंदात मेगावॅट पूर्ववत करायचे. परिसरातले बरेच प्रकल्प सावकाश सावरत होते. लांबलचक लाइनी तेवढ्यात रिकाम्या झाल्या, म्हणजे त्यांतून फारशी वीज वाहत नव्हती, आणि रिकामी लाइन स्वतःच व्होल्टेज चढवते. ते 117 टक्क्यांवर गेलं. नियम सांगतो, 110 ते 120 टक्क्यांत दोन सेकंद थांबा. आमच्या 62 इन्व्हर्टरांत कारखान्यातूनच भरून आलेलं होतं: 115 च्या वर गेलं की लगेच सुटायचं. त्यांनी मुकाट्याने हुकूम पाळला. उरलेले 18 शेवटच्या ब्लॉकमधले, दुसऱ्या टीमने बसवलेले. तिथल्या कुणीतरी कागद वाचून सेटिंग बदललं होतं. बाकीच्यांची तपासणी झाल्याच्या कागदावर माझीही सही होती.

रात्री अण्णांना फोन केला. त्यांची नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या जलविद्युत वीजघरात गेली. “आमचं मशीन जड. धक्का पोटात घ्यायचं,” ते म्हणाले. खरंच आहे. कोयनेचा रोटर, म्हणजे जनित्राचा फिरता भाग, टनावारी वजनाने फिरत असतो. ग्रिड डळमळला की त्या फिरण्यातली ऊर्जा आपोआप बाहेर येते, कुणाला विचारावं लागत नाही. आमचा इन्व्हर्टर ग्रिडच्या तालाकडे बघून पाऊल टाकतो. ताल चुकला तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं. बॅटरीच्या जोरावर स्वतःच ताल धरणारे, ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर आता येताहेत, पण आमच्याकडे तेव्हा नव्हते.

2022 मध्ये राजस्थानात हजार मेगावॅटच्या वर सौर-पवन वीज एका झटक्यात जाण्याचे प्रकार अनेकदा घडले होते, त्यामुळे आमची गोष्ट नवलाची नव्हती. 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तिथेही चढत्या व्होल्टेजने एकामागून एक केंद्रं सुटत गेल्याचं वाचलं, तेव्हा मात्र तो 117 चा आकडा डोळ्यांपुढे आला.

उत्पादक कंपनीचा लेखी होकार यायला नऊ दिवस लागले. मग कानटोप्या घालून, लॅपटॉप घेऊन आम्ही 62 दारं एकेक करून उघडली, कारण ही सेटिंग कंट्रोल रूममधून बदलता येत नव्हती. घड्याळंही लावली.

मार्चमध्ये पुन्हा फॉल्ट झाला. पडद्यावरचा आकडा खाली गेला आणि मी उठेपर्यंत वर आला. फोन वाजलाच.

“आपका कितना गया?”

“कुछ नहीं गया.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “रेकॉर्डिंग भेजिए.”